एव्हनसाँगमधलं आजच्या काळातलं संगीत कसं ऐकायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही मास्टर्ससाठी इंग्लंडला आलात, घरी लहानपणापासून शास्त्रीय संगीत कानावर आहे, गावातल्या कॅथेड्रलमध्ये संध्याकाळी साडेपाचला एव्हनसाँगला, म्हणजे संध्याकाळच्या गायनासहित उपासनेला, तिकीट न काढता क्वायर (गायकवृंद) ऐकायला मिळतं म्हणून दोनदा जाऊन आलात. जुन्या कंपोजर लोकांचं आवडलं, पण नवीन जे गायले ते ‘सगळेजण वेगवेगळ्या पट्टीत गातायत’ असं वाटलं, शेवटी ऑर्गनवर जे वाजलं त्यात ताल सापडेना आणि तोवर निम्मे लोक उठून चालायला लागले. पुढच्या गुरुवारची म्युझिक लिस्टही तुम्ही दिली आहे: रिस्पॉन्सेस (प्रीस्ट आणि क्वायरची सवाल-जवाबासारखी प्रार्थना) लेटनचे, कँटिकल्स (रोज गायची बायबलमधली दोन गीतं) टिपेटची, अँथम (क्वायरने गायचं स्वतंत्र गीत) जोनाथन हार्वीचं ‘आय लव्ह द लॉर्ड’, शेवटी ऑर्गनवर मेसियाँ, चौघेही नव्या कंपोजरांपैकी. आणि विचारलंय की हे ऐकायचं कसं, आणि ख्रिश्चन नसताना जाऊन बसलं तर चालतं का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. चालतं, अगदी खुशाल जा. कोणी काही विचारत नाही, तोंडाने काही म्हणायची सक्ती नाही, बाकीचे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, मधे सगळे पूर्वेकडे वळतात तेव्हा वळलं नाही तरी कोणी बघत नाही. टाळ्या मात्र वाजवायच्या नाहीत, आणि फोन बंद.

आता मूळ मुद्दा. मी इकडे वीसेक वर्षं आल्टो, म्हणजे बायकांमधला खालचा आवाज, गाते, हौशी क्वायरमध्ये. शाळांना सुट्टी लागली की कॅथेड्रलचं स्वतःचं क्वायर सुट्टीवर जातं आणि मग आमच्यासारखी पाहुणी क्वायर्स येऊन आठवडाभर रोजचं एव्हनसाँग गातात, अशी बरीच कॅथेड्रल्स मी आतून पाहिली आहेत. शिवाय रविवारी गावातल्या छोट्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. वाढले पुण्यात, मराठी चर्चमध्ये, पेटीच्या साथीने नारायण वामन टिळकांची भजनं म्हणत, त्यामुळे तुमचा कान आत्ता कुठे अडकतोय ते मला चांगलं माहिती आहे, माझाही तिथेच अडकला होता.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एव्हनसाँग ही मैफल नाही, नित्यपाठ आहे. १५४९ साली आर्चबिशप क्रॅनमरने मठांमधल्या संध्याकाळच्या दोन प्रार्थना, व्हेस्पर्स आणि कंप्लिन, एकत्र करून इंग्रजीत ही उपासना बांधली आणि आज जी पद्धत आहे ती १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातली. रोज तोच क्रम, रोज तेच शब्द. बायबलच्या स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रं ३० दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिलेली, महिना संपला की पुन्हा पहिल्यापासून. रोज येशूची आई मरीया हिचं गीत म्हणजे मॅग्निफिकाट, रोज म्हाताऱ्या शिमोनाचं गीत म्हणजे नंक डिमिटिस. घरात रोज हरिपाठ ऐकलेला माणूस जसा शब्दांकडे लक्ष न देता चाल बदलली की लगेच मान वर करतो ना, तसं इथल्या नेहमीच्या लोकांचं होतं, शब्द त्यांना पाठ आहेत त्यामुळे त्यांचं सगळं लक्ष ‘आज याने या ओळीचं काय केलं’ याकडे असतं. तुम्ही शब्दही नवे, सूरही नवे, इमारतही नवी असं सगळं एकदम अंगावर घेतलंत. म्हणून गुरुवारच्या आधी घरी बसून ही दोन गीतं वाचून काढा, लूकच्या पहिल्या आणि दुसऱ्या अध्यायात आहेत, मराठी बायबलमध्ये वाचलीत तरी चालेल, दहा मिनिटांचं काम आहे. रेकॉर्डिंग आधी ऐकू नका असं मी सांगेन. माईक जवळ लावलेल्या रेकॉर्डिंगमध्ये इमारत कमी येते आणि या संगीताचा निम्मा भाग इमारत गाते.

मरीयेच्या गीतात एक ओळ आहे की देवाने बलवानांना आसनावरून खाली ओढलं आणि दीनांना वर उचललं. ही ओळ धरून ठेवा. हर्बर्ट हॉवेल्सने १९४५ मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजसाठी जी सेटिंग्ज, म्हणजे या दोन गीतांची स्वररचना, लिहिली त्यात गीत सुरू होतं ते फक्त वरच्या, मुलांच्या आवाजात, शांतपणे, कारण हे एका बाईचं गाणं आहे आणि बलवानांना खाली ओढतानासुद्धा त्यात दांडगाई नको असं त्याचं म्हणणं होतं. आज हॉवेल्स सगळ्यांना गोड वाटतो, सोमवारी-मंगळवारी सहज गायला जातो. टिपेटने तेच शब्द घेऊन १९६१ मध्ये केंब्रिजच्याच सेंट जॉन्स कॉलेजसाठी लिहिलं, तिथल्या ऑर्गनमध्ये ट्रॉम्पेटा रिआल नावाचा तुतारीसारखा कडक स्टॉप (नळ्यांचा एक संच) आहे, तो डोक्यात ठेवून. म्हणजे हॉवेल्समध्ये एक मुलगी मनाशी गुणगुणतेय आणि टिपेटमध्ये तीच मुलगी चौकात उभी राहून जाहीर करतेय. दोन्ही खरं आहे, शब्दांमध्ये दोन्ही आहे. गुरुवारी सुरुवातीला ऑर्गन एकदम ओरडला की दचकाल, तेव्हा हे आठवा. आणि मग नंक डिमिटिसमध्ये टिपेट पूर्ण उलटं करतो: वर एकच सोप्रानो, म्हणजे सगळ्यात वरचा आवाज, खाली बाकीचे हळू सरकणाऱ्या कॉर्ड्स (एकाच वेळी लावलेले अनेक स्वर) धरून, आणि ऑर्गन मधेमधे अगदी खालच्या आवाजात लांबून ढग गडगडावेत तसा. मरायला तयार असलेल्या म्हाताऱ्याचे शब्द कोवळ्या आवाजाला दिले आहेत, आणि मला ते दर वेळी आत लागतं.

आता ‘वेगवेगळ्या पट्टीत’चं बघू. आपला कान एका सा वर बसलेला असतो. सगळे स्वर त्या सा शी नातं सांगतात, तंबोरा ते नातं सतत आठवण करून देत असतो. इथे चार किंवा आठ आवाज एकाच वेळी गातात आणि प्रत्येक स्वराचा अर्थ शेजारच्या स्वरावरून ठरतो. तंबोरा जुळवताना काय होतं आठवा, दोन तारा अगदी जवळ आल्या पण जुळल्या नाहीत की आवाजात लाटा येतात, वाँ-वाँ-वाँ, आणि जुळत गेल्या की लाटा हळू होत होत थांबतात. आपण त्या लाटा घालवायला बघतो. लेटन, हार्वी हे लोक त्या लाटा मुद्दाम मागतात. मी आल्टोत उभी असताना कित्येक वेळा शेजारची आल्टो माझ्यापेक्षा अर्ध्या स्वराने खाली धरून असते आणि दोघींनी एकमेकींकडे न सरकता तसंच टिकायचं असतं, तेव्हा ती लाट कपाळाच्या हाडात जाणवते, आणि ती लाट आली म्हणजे आम्ही दोघी बरोबर सुरात आहोत. एखादी थोडी जरी घसरली तरी लाट विस्कटते आणि मग ते खरंच बेसूर होतं. तेव्हा ‘हे गोड आहे का’ याऐवजी ‘हा ताण कुठे वाढतोय, कुठे सुटतोय’ एवढंच कानाने पकडा. शास्त्रीय ऐकणाऱ्याला हे जमतं, तान कुठे तुटेल आणि समेवर कशी येईल याची वाट बघायची सवय तुम्हाला आहेच.

हार्वीचं अँथम यासाठी फार चांगलं आहे. ‘आय लव्ह द लॉर्ड’, १९७६ चं, ११६ वं स्तोत्र, ऑर्गनशिवाय. सुरुवातीला एक अगदी साधी, स्वच्छ कॉर्ड आहे, ती नीट ओळखून ठेवा, तुमचा सा समजा. पुढे शब्दांमध्ये मरणाची भीती आली की एक गट ती कॉर्ड सोडत नाही आणि दुसरा गट त्यावर भलत्याच पट्टीतलं काहीतरी आणून ठेवतो, म्हणजे तुम्हाला जे वाटलं की वेगवेगळ्या पट्टीत गातायत ते इथे अक्षरशः खरं आहे, आणि मुद्दाम आहे. एक विश्वास आणि एक भीती, दोन्ही एकाच माणसाच्या आत, एकाच वेळी. स्तोत्रात ती अवस्था शब्दांनी सांगितली आहे, हार्वीने ती कानाला दिली. हार्वी स्वतः लहानपणी क्वायरमध्ये गायलेला होता आणि हे संगीत विंचेस्टर कॅथेड्रलच्या क्वायरशी जवळून काम करताना लिहिलं, मुलं काय गाऊ शकतात हे त्याला माहिती होतं. त्याचंच ‘कम, होली गोस्ट’ कधी लिस्टवर दिसलं तर काम सोडून जा, त्यात जुनं, सगळ्यांनी एकाच सुरात म्हणायचं प्रार्थनागीत घेऊन तो आवाज फोडत फोडत सोळा भागांपर्यंत नेतो आणि एके ठिकाणी प्रत्येकजण आपापल्या गतीने गातो, कोणाचा कोणाशी ताल नाही, पूर्ण छतभर नुसतं गुंजन.

लेटनबद्दल थोडक्यात. केनेथ लेटन (१९२९ ते १९८८) वेकफील्ड कॅथेड्रलमध्ये लहानपणी गायलेला, नंतर एडिनबरोला प्रोफेसर. त्याचं संगीत पहिल्यांदा कोरडं वाटतं, तिसऱ्यांदा वाटत नाही. रिस्पॉन्सेस म्हणजे प्रीस्ट एक ओळ म्हणतो आणि क्वायर उत्तर देतं, दहा-दहा सेकंदांचे तुकडे, त्यामुळे नव्या कानाला शिकायला ही सगळ्यात चांगली जागा आहे, आवडलं नाही तरी दहा सेकंदांत संपतं आणि पुन्हा नवीन येतं.

एक गोष्ट मला अगदी मनापासून सांगायची आहे, ‘नवं संगीत चर्चमध्ये कशाला’ असं म्हणणाऱ्यांना माहिती नसतं की इथे जे जुनं आहे ते सगळं एकेकाळी त्या-त्या क्वायरसाठी नव्याने लिहिलेलं होतं. चिचेस्टर कॅथेड्रलचा डीन, म्हणजे तिथला मुख्य धर्मगुरू, वॉल्टर हसी याने १९६५ च्या उत्सवासाठी थेट न्यूयॉर्कच्या लेनर्ड बर्नस्टाइनला पत्र घातलं, त्यातून ‘चिचेस्टर साम्स’ आलं, हिब्रू शब्द आणि सात मात्रांचा उडता ठेका. आर्वो पॅर्टचं नंक डिमिटिस २००१ मध्ये एडिनबरोच्या सेंट मेरीज एपिस्कोपल कॅथेड्रलसाठी लिहिलेलं आणि पहिल्यांदा गायलं गेलं तेही हॉलमध्ये नाही, तिथल्या एव्हनसाँगमध्येच. म्हणजे जगातल्या एका मोठ्या कंपोजरची नवीन कृती आणि ऐकायला कोण, तर ऑफिस सुटल्यावर आलेले लोक. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

पॅर्ट तुमच्या कानाला लगेच जवळचा वाटेल. त्याचा नियम असा की एक आवाज पायरी-पायरीने सरकतो आणि दुसरा फक्त एकाच कॉर्डमधल्या तीन स्वरांवर घुटमळतो, घंटेसारखा. त्याच्या १९८९ च्या मॅग्निफिकाटमध्ये एक सोप्रानो बराच वेळ एकाच स्वरावर राहते आणि दुसरा आवाज तिच्याभोवती फिरतो, षड्ज धरून बसल्यासारखं. तसंच टॅव्हनरचं ‘द लॅम्ब’, १९८२, तीन मिनिटांचं: आधी एक साधी ओळ, मग तीच ओळ आणि तिच्याबरोबर तिचं आरशातलं उलटं रूप, एक वर जाते तेव्हा दुसरी तेवढीच खाली. एकदा ते कळलं की त्यातले खुपणारे स्वर का खुपतात ते आपोआप समजतं. मी नवीन येणाऱ्या गायकांनाही हेच आधी देते. पण माझं मत विचाराल तर नुसत्या मऊ, साचलेल्या कॉर्ड्सचं संगीत हल्ली फार झालंय, पहिल्या वेळी अंगावर काटा येतो आणि पाचव्या वेळी हाती काही उरत नाही. लेटन, टिपेट उलटे आहेत. म्हणून सोप्यापासून सुरू करा पण तिथे थांबू नका.

बसायचं कुठे हेही फार महत्त्वाचं आहे. वीस मिनिटं आधी जा आणि नेव्हमध्ये, म्हणजे लोकांसाठीच्या मोठ्या दालनात, मागे न बसता दारावरच्या माणसाला विचारा की क्वायर जिथे गातं (त्या भागालाही क्वायरच म्हणतात) तिथल्या लाकडी आसनांमध्ये बसता येईल का, बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. क्वायर दोन बाजूंना समोरासमोर असतं, दक्षिणेकडचे डेकॅनी, उत्तरेकडचे कँटोरिस, आणि स्तोत्र गाताना एक कडवं इकडून, एक तिकडून येतं. मधे बसलात की ते दोन्ही कानांनी वेगळं ऐकू येतं. स्तोत्रं चुकवू नका, लोक त्यांना अँथमच्या आधीची औपचारिकता समजतात. त्यात ताल नाही, बोलण्याची लय आहे, एका कॉर्डवर पाच शब्द किंवा पंचवीस शब्द, आणि वीस जणांनी एकत्र श्वास घेऊन एकाच क्षणी स्वल्पविराम घ्यायचा, क्वायर किती तयारीचं आहे ते मी अँथमवरून नाही, स्तोत्रावरून ओळखते. आणि हेही लक्षात घ्या की क्रम तोच असला तरी संगीत रोज नवीन असतं. मुलं सकाळी शाळेआधी प्रॅक्टिस करतात, संध्याकाळी उपासनेच्या आधी थोडी, आणि तेवढ्यावर टिपेट उभा राहतो. आम्ही पाहुणे जातो तेव्हा दुपारी तास-दीड तास मिळतो, त्यातला बराचसा वेळ इमारत समजून घेण्यातच जातो.

इमारत समजणं म्हणजे घुमणं समजणं. लंडनच्या सेंट पॉल्समध्ये आवाज विरायला आठ-नऊ सेकंद लागतात. तिथे भरभर कॉर्ड बदलल्या तर नुसता चिखल होतो. जेम्स मॅकमिलनचं ‘ख्रिस्तुस विन्चित’ १९९४ मध्ये त्याच घुमटाखाली गाण्यासाठी लिहिलेलं, त्यात छोटी ओळ आणि मग शांतता, पुन्हा ओळ, पुन्हा शांतता, आणि ती शांतता रिकामी नाही, गेलेला सूर वर घुमटात फिरत असतो आणि पुढची ओळ त्याच्यावर येऊन बसते. म्हणून क्वायर थांबलं की लगेच कागद चाळू नका, खोकू नका, तो शेपटीसारखा राहिलेला सूर संगीताचाच भाग आहे.

ऑर्गनकडे येते. आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातली पायपेटी डोळ्यासमोर येते, हा तो नाही. हा हजारो नळ्यांचा, मोठ्यातली मोठी नळी बत्तीस फुटी, तिचा सगळ्यात खालचा स्वर सेकंदाला सोळा कंपनांचा, म्हणजे कानाच्या अगदी काठावरचा, तो छातीत आणि बाकाच्या लाकडात कळतो. वाजवणाऱ्याचे दोन्ही पायसुद्धा वेगळी ओळ वाजवत असतात. उपासना सुरू व्हायच्या आधी ऑर्गनिस्ट जे हलकेच वाजवतो ते बरेचदा लिहिलेलं नसतं, तिथल्या तिथे सुचलेलं असतं, आणि त्यात तो त्या दिवसाच्या संगीताचा रंग आधीच आणून ठेवतो. आलाप ऐकतो तसं ते ऐका.

शेवटचा तुकडा म्हणजे व्हॉलंटरी, उपासना संपल्यावर ऑर्गनवर वाजतो तो. लोक उठतात, बोलतात, हे मलाही खटकतं, पण तुम्ही त्यांच्याबरोबर बाहेर पडू नका. ऑर्गन जर क्वायर आणि नेव्ह यांच्यामधल्या पडद्यावर असेल, ग्लॉस्टर, एक्सिटर, यॉर्कला आहे तसा, तर उठून शांतपणे नेव्हमध्ये जा आणि तीन-चार खांब मागे जाऊन उभे राहा. जवळून फक्त ताकद कळते, लांबून रंग वेगळे होतात.

ऑर्गनमध्ये ताल सापडला नाही म्हणालात, आणि गुरुवारी तर मेसियाँ आहे, त्याबद्दल तुम्हाला एक गोष्ट सांगते जी तुम्हाला नक्की आवडेल. मेसियाँ पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये १९३१ पासून १९९२ मध्ये जाईपर्यंत ऑर्गनिस्ट होता, आणि त्याच्या लयीचा एक मोठा झरा म्हणजे शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’मधले १२० देशी ताल. तेराव्या शतकातला हा ग्रंथ यादवांच्या दरबारात, देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला लिहिला गेला. मेसियाँने हे ताल फ्रेंच संगीतकोशातल्या यादीत पाहिले आणि त्यातून मात्रा वाढवणं, कमी करणं, एखाद्या स्वराला अर्धी मात्रा जास्तीची चिकटवणं हे सगळं स्वतःच्या पद्धतीने घडवलं. त्यामुळे तुम्ही त्यात तीनताल शोधलात तर मिळणार नाही. आवर्तन नाही, सम नाही. लघु-गुरू मोजल्यासारखे लांब-आखूड स्वर मोजा, तर काहीतरी हाताला लागेल. त्याच्याच ‘ल बांके सेलेस्त’मध्ये, १९२८ चं, हात इतके हळू चालतात की काळ थांबल्यासारखा वाटतो आणि पायांनी वाजवलेले स्वर मात्र वरच्या पट्टीत, सुटे, पाण्याच्या थेंबांसारखे पडतात, ते पहिल्यांदा ऐकताना मला ते पाय आहेत हे कळलंच नव्हतं. तुमच्या लिस्टवर कुठली कृती ते लिहिलेलं नाही, पण हे असेल तर डोळे मिटून थेंब ऐका, आणि ‘द्यू पार्मी नू’ असेल तर सुरुवातीला वरून खाली पायांपर्यंत कोसळत येणारी ओळ ऐका, देव खाली येतो तो तिथे.

गुरुवारसाठी इतकंच करा की चारही गोष्टी समजून घ्यायला जाऊ नका. टिपेटमध्ये ती एक ओळ, हार्वीमध्ये ती पहिली कॉर्ड, बाकीचं अंगावरून जाऊ द्या. जमलं तर पुढच्या आठवड्यात सलग तीन संध्याकाळी जा, आठवड्यातला एक दिवस बऱ्याच ठिकाणी ऑर्गनशिवाय असतो, तो जरूर बघा. ज्या आठवड्यात जाणं होणार नाही त्या आठवड्यात बीबीसी रेडिओ थ्रीवर एव्हनसाँगचं प्रसारण ऐका, १९२६ पासून चालू आहे. आणि आत जाताना जे छापील पत्रक देतात ते तिथे ठेवून येऊ नका, घरी आणून मागच्या बाजूला पेन्सिलने दोन शब्द लिहा की काय आवडलं, काय खुपलं. माझ्याकडे अशी खोकंभर पत्रकं आहेत, पहिल्या टिपेटवर मी ‘फार मोठा आवाज’ एवढंच लिहिलंय, तेव्हा मी नंक डिमिटिसबद्दल एक शब्दही लिहिला नव्हता.